मामींचा मिक्सर आणि मामांचे आठ दिवे

आमच्या मामांच्या दुकानात पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा होता. कुठलाही सेट खोलून परत जोडला की एकदोन स्क्रू हमखास उरायचे. मामा ते त्या डब्यात टाकायचे. "उरले कसे?" असं विचारलं की म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचे लावलेवते!"

किश्श्यांचंही तसंच झालंय बघा. दुकान चालू होतं तोवर रोज एखादा उरायचा आणि आम्ही टाकत गेलो डब्यात. परवा मावसभावाच्या लग्नात हॉलच्या दारात ते फिरते दिवे लावले होते, हवेत नवरा-नवरीचं नाव लिहिणारे. पोरंसोरं तोंड उघडं टाकून बघत होती. माझा भाऊ म्हणाला, "हे तर आपल्या मामांनी कवाच केलंतं!" आणि सगळी माझ्याकडं वळली. म्हणजे आता डबा उपडा करणं आलं.

तर मामा म्हणजे माझे सख्खे मामा, दत्तात्रय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांना सगळे दत्तूमामा टीव्हीवाले म्हणायचे. पुढं दुकान, मागं घर, मधल्या दाराला पडदा. मी डिप्लोमा करायला त्यांच्याकडं आले, मग त्याच कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून चिकटले आणि त्यांच्याकडंच राहिले. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. दुकानात मामांच्या हाताखाली बसूअण्णा, म्हणजे बसवराज. सीमेकडच्या गावातला माणूस. घरात कन्नड बोलायचा, दुकानात मराठी, आणि सोल्डरिंगचा चटका बसला की दोन्ही!

* * *

आधी मामांचा एक गुण सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. 'चुकलं' हा शब्द मामांच्या तोंडून उभ्या पेठेत कुणी ऐकला नव्हता.

एकदा उचगावचं गिऱ्हाईक सकाळी टीव्ही दुरुस्त करून घेऊन गेलं आणि संध्याकाळी सायकल मारत परत आलं.

"मामा, समदी माणसं उलटी दिसालीत की! डोकं खाली आन् पाय वर!"

बसूअण्णानं मामांच्या कानात सांगितलं, "पिक्चर ट्यूबच्या दोन वायरींची अदलाबदल झालीया." मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "घरी जावा, सेट उलटा ठेवा."

"आन् बटणं?"

"बटणं बघायला घेतलाईसा काय टीव्ही? चित्र बघा की!"

गिऱ्हाईक बिचारं गेलं! दुसऱ्या दिवशी बसूअण्णा गुपचूप उचगावला जाऊन वायरी बदलून आला. ते मामांना कळलं तेव्हा म्हणाले, "उलटा ठेवल्यानं जरा सैल पडला असंल, म्हणून तुला जमलं."

* * *

बसूअण्णा मेहुणीच्या पोराच्या बारशाला बेळगावला गेला होता. तिथल्या प्रदर्शनात त्यानं बघितलं, एक पट्टी गरागरा फिरतेय आणि हवेत इंग्लिश अक्षरं दिसतायत. पडदा नाही, काच नाही, काही नाही. दुकानात येऊन त्यानं हे सांगितलं आणि वर म्हणाला, "मामा, असलं कोल्हापुरात व्हायचं न्हाय."

झालं! मामांना असं बोलायचं नसतं.

मामा उठले, देवापुढची उदबत्ती उचलली, कोपऱ्यातल्या अंधारात गेले आणि गोल गोल फिरवली. "काय दिसतंय?"

"गोल."

"हाय का गोल?"

"न्हाय."

"डोळा आळशी असतोय. दिवा फुडं गेला तरी ह्यो मागंच बघत बसतोय. पट्टीवर उभे आठ दिवे लावायचे, पट्टी फिरवायची, आन् नेमक्या जागी दिवे लावायचे, इझवायचे. डोळा म्हणतोय अक्षर हाय!"

खरं सांगते, आमच्या सरांनी अख्ख्या सेमिस्टरमध्ये एवढं सोपं करून काही शिकवलं नव्हतं.

"आन् इंग्लिश कोणबी करंल," मामा म्हणाले. "आपण मराठी करायचं. घरातल्या सामानात!"

ते 'घरातल्या सामानात' तिथंच घात झाला. पट्टी फिरवायला मोटर पाहिजे. टेपरेकॉर्डरची मोटर लावून बघितली, तिला पट्टी उचलेना. टेबलफॅन बसूअण्णा सोडेना, कारण मार्च लागला होता. मामी वारणानगरला बहिणीकडं गेल्या होत्या. आणि मामांची नजर पडद्याआड स्वयंपाकघराच्या ओट्याकडं गेली.

* * *

मामी दुपारी मुलींना भरतकाम शिकवायच्या. त्या क्लासच्या कमाईतून त्यांनी स्वतः जाऊन मिक्सर आणला होता. त्याला स्वतः भरलेलं कव्हर होतं, कव्हरावर मोर होता. चटणी वाटून झाली की मिक्सर पुसायचा, मोर चढवायचा, असा रिवाज.

वारणानगरहून आल्या, बघतात तर ओट्यावर मोराची नीट घडी घातलेली आणि खाली मिक्सर नाही. पिशवी हातात तशीच घेऊन दुकानात आल्या. मामांच्या टेबलावर मिक्सर पोट उघडं टाकून पडला होता.

बघा, त्या घडीला एक शब्द पुरला असता. एकच! पण मामा म्हणाले, "बिघडलाच होता."

"जायच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याचं कूट केलंय मी त्यात."

"तवाच बिघडला."

मामी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "मिक्सर गेल्याचं मला काय न्हाई. पर बिघडलावता म्हणू नगासा. चुकलं म्हणा, इषय मिटला."

मामा मल्टीमीटरचा काटा बघत बसले. काटा शून्यावर होता.

"बरं," मामी म्हणाल्या. "जवर म्हणत न्हाईसा, तवर मी बोलत न्हाई." आणि पडदा ओढून आत गेल्या. आतून पाटा धुतल्याचा आवाज आला.

* * *

त्या दिवसापासून मी टपालखातं झाले.

"उजे, त्यांस्नी सांग, चहा निवालाय."

"मामा, चहा निवालाय."

मामा हातभर लांब! "तिला सांग, पितोय."

"मामी, पितायत."

एकदा लॅबमध्ये परीक्षा होती, मला यायला संध्याकाळ झाली. टेबलावर दुपारचा चहा तसाच, वर जाड साय धरलेली. मामी सांगणार कुणाला, आणि कुणी सांगितल्याशिवाय मामा पिणार कसे!

हसायला येतं आता. तेव्हा मात्र जेवताना भांड्यांचा तेवढा आवाज यायचा आणि मला रडू फुटायचं. एरवी त्या घरात पाणी मागायचं तरी दोघं मिळून तीन वाक्यं बोलायची! मामा रोज मला एकटं गाठून विचारायचे, "आज काय म्हणाली?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलबी."

मी म्हणायची, "मामा, म्हणून टाका की एकदाचं." त्यावर ते सोल्डरिंग गन हातात घ्यायचे.

* * *

पहिली चाचणी. मिक्सरच्या डोक्यावर जिथं भांडं बसतं तिथं मामांनी लाकडी फूटपट्टी बसवली. पट्टीच्या एका टोकाला उभ्या रांगेत आठ लाल दिवे, दुसऱ्या टोकाला वजन सारखं करायला बॅटरी.

"बसू, एक नंबरला टाक."

"मामा, जरा लांब सरकू काय?"

"कशाला? मी उभा हाय की हितं!"

तरी बसूअण्णा टेबलाखाली गेला आणि तिथून हात वर काढून त्यानं बटण फिरवलं. घर्रर्र झालं आणि पाठोपाठ फाट्! पट्टी मामांच्या कानाजवळून गेली आणि प्लायवूडच्या पार्टिशनवर टांगलेल्या कॅलेंडरात घुसली. टेबलाखालून "अय्यो यप्पा" ऐकू आलं. चटणी वाटायची मोटर ती, तिला अक्षरं काढायची सवय कुठली!

मामा कॅलेंडरापाशी गेले. पट्टी शनिवारच्या चौकटीत रुतली होती. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बघ. आज शुक्रवार हाय. शनवारी करायला पायजे होतं."

पुढं मामांनी मोटरीच्या वायरीत मधेच एक मोठा बल्ब जोडला. बल्ब अर्धी वीज खायचा, मोटर बेतानं फिरायची. डोकं चालायचं हो त्यांचं, त्यात वादच नाही. आवाज मात्र मिक्सरचाच राहिला. दुकानात घुमायला लागला की रस्त्यावरची माणसं विचारायची, "मामा, चटणी वाटून देतासा काय?"

* * *

आता अक्षरं. कुठला दिवा कधी लागायचा हे एका चिपमध्ये भरायचं असतं. चिप भरायचं मशीन आमच्या लॅबमध्ये होतं, सरांना विचारून मी ते काम घेतलं होतं. मामांनी आणि बसूअण्णानं फक्त चौकटीच्या वहीत अक्षर काढून द्यायचं. चौकट भरली म्हणजे दिवा चालू, मोकळी म्हणजे बंद.

पहिला शब्द ठरला 'हाय'. मामा म्हणाले, छोटा हाय आन् आपला हाय. बसूअण्णा म्हणाला, इंग्लिशवाल्यांनाबी चालतोय.

पण 'ह' काही जमेना! पंधरा दिवस दोघं चौकटी भरतायत आणि खोडतायत. एक 'ह' निघाला तो 'ड'सारखा, एक निघाला तो बसलेल्या कोंबडीसारखा. भांडण तर असं की पडद्याआड क्लासच्या पोरी खुसूखुसू हसायला लागल्या. शेवटी पडदा हलला, एक हात बाहेर आला, हातात वही.

"उजे, त्यांस्नी सांग, 'ह'ला पोट असतं. आन् शेपूट शेवटाला सोडायचं, मधी न्हाई."

मामींची दसुतीच्या भरतकामाची वही होती ती. दसुतीच्या कापडावर धागे मोजून फुल्या भरतात, एका चौकटीत एक फुली. सगळी बाराखडी त्या वहीत फुल्याफुल्यांनी काढून ठेवली होती, काना, मात्रा, उकार, अनुस्वार, सगळं! आम्ही जे पंधरा दिवस शोधत होतो, ते मामी वीस वर्षं तोरणांवर भरत होत्या.

मामांनी पान उलटलं, परत मागं आणलं. फुल्या बोटानं मोजल्या. बसूअण्णा हळूच म्हणाला, "चुकलं म्हणायचं काय मामा?"

"वही चांगली हाय म्हणतोय," मामा म्हणाले.

* * *

आणि 'हाय' आलं! दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मोटर चालू केली आणि मिक्सरच्या डोक्यावर, हवेत, लालभडक 'हाय' उभं राहिलं. मागं काही नाही, खाली काही नाही. मी तर टाळ्याच वाजवल्या. बसूअण्णा म्हणाला, "नाद खुळा!"

तेवढ्यात शटरखालून वाकून एक पाहुणे आत आले, गडमुडशिंगीचे. टीव्ही दुरुस्तीला टाकून महिना झाला होता. मामा आनंदात होते. "या या पावणं! ह्ये वाचा बघू."

"हाय," पाहुण्यांनी वाचलं.

"शाब्बास!"

"काय हाय?"

"हाय."

"आवो, पर काय हाय?"

"काय न्हाय. नुसतंच हाय!"

पाहुण्यांनी वाकून मिक्सरखाली बघितलं. मग म्हणाले, "माझा टीव्ही तयार हाय काय?"

"न्हाय."

"मग तसं लिवा की!"

* * *

आठ दिव्यांतला वरून दुसरा दिवा अक्षरांची वरची रेघ ओढायचा. एक दिवस त्याची वायर तुटली. 'हाय' आलं, पण बोडकं, रेघच नाही. मामा वाकून बघतायत तोवर शेजारचे कापडवाले शहाभाई आत आले.

"अरे वा दत्तूमामा! तुम्ही गुजराती कधी शिकलात?"

आम्ही बघितलं. खरंच की! रेघ गेली आणि 'हाय' गुजराती झालं!

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वायर तुटली. मामा म्हणाले, "मुद्दाम केलं. खास तुमच्यासाठी."

शहाभाईंचा चेहरा फुलला, पण लगेच काळजीत पडले. "पण 'हाय' कशाला? आमच्यात हाय-हाय म्हणजे रडारड. कोण गेलं काय?"

"मिक्सर," बसूअण्णा म्हणाला.

आणि पडद्यामागून फिस्सकन हसल्याचा आवाज आला. महिना-सव्वा महिन्यात मामी पहिल्यांदा हसल्या! त्यांनी लगेच तोंड दाबलं असणार, कारण पुन्हा काही ऐकू आलं नाही. मामा मात्र पट्टी सोडून पडद्याकडं बघत उभे होते. शहाभाई गेले तरी तसेच.

ती वायर त्यांनी दोन दिवस जोडली नाही. येईल त्याला बोलवून म्हणायचे, "शहाभाईंना हाक मार, परत एकदा दाखवू." सारखं पडद्याकडं लक्ष.

* * *

मे महिन्यात एकदा मामा म्हणाले, "चिप पुसायची हाय. शब्द बदलायचाय."

"कुठला घालायचा?"

"बघू."

ती चिप पुसायची म्हणजे तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते, तिला आठवडाभर कडक ऊन दाखवायचं. लॅबमधला पुसायचा दिवा तेव्हा बिघडला होता. खरंच बिघडला होता हो, मामांच्या मिक्सरसारखा नव्हे! मामा चिप घेऊन माडीवर गेले. तिथं मामींचे सांडगे वाळत होते, कावळ्यांपासून राखायला वर जाळी लावलेली. यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? मामांनी चिप सांडग्यांच्या रांगेत ठेवली.

आठवड्यानं बघतात तर सांडगे नाहीत आणि चिपही नाही. मामींनी सगळं गोळा करून डब्यात भरलं होतं. मामा माडीवर रांगत रांगत कोपरे हुडकायला लागले.

"मामा, मामींना विचारा की."

"तू विचार."

"मी न्हाई विचारत जा," मी म्हटलं. मलाही टपालाचा कंटाळा आला होता.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना मामांच्या ताटात तळलेले सांडगे आले आणि लोणच्याच्या जागी चिठ्ठीची पुडी. पुडीत चिप. चिठ्ठीवर मामींचं वळणदार अक्षर, 'हा किडा तेलात पडता पडता वाचला. पाय चोवीस आहेत. मोजून घ्यावेत.'

मामांनी जेवण थांबवून चिपचे पाय मोजले. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"बरोबर हायत," ते म्हणाले. चिठ्ठी मात्र त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

* * *

दुसऱ्या दिवशी मी लॅबला निघाले तर मामा बोळात वाट बघत उभे. हातात दुकानाच्या पावतीबुकातला कागद, चार घड्या घातलेला.

"ह्यो भर चिपमध्ये."

उघडला तर नुसते शून्य आणि एक. ओळीच्या ओळी.

"शब्द काय आहे मामा?"

"तू भर की. वाचत बसू नगंस."

आता मशीनमध्ये भरायचं म्हणजे आकडे बघायला तर लागणारच! दोन ओळी भरल्या आणि मला राहवेना. पेन्सिल घेतली आणि एकाच्या जागी चौकट काळी करत गेले. पहिला निघाला 'च', खाली उकार. मग 'क'. मग 'ल', आणि त्याच्यावर, सगळ्यात वरच्या दिव्याच्या रांगेत, एकटाच एक. अनुस्वारसुद्धा विसरले नव्हते! अक्षरं फुलीला फुली मामींच्या वहीतली होती.

मी लॅबमध्ये एकटीच रडले. बाई गं, तोंडातून तीन अक्षरं निघेनात म्हणून या माणसानं ती आकड्यांत लिहिली होती!

* * *

सोमवार. दुकान बंद. आदल्या दिवशी मोटरीत घासणारे कार्बनचे तुकडे झिजले म्हणून मामांनी नवीन घातले होते. बसूअण्णा तेव्हा म्हणाला होता, "मामा, वायरी बघून लावा हां. अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरंल."

"मला शिकवतोस?" मामा म्हणाले होते.

तर सोमवारी जेवणं झाल्यावर मामांनी मिक्सर उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, त्याच्या जुन्या जागी ठेवला. खिडकीला घोंगडं लावलं, दार लोटलं. बसूअण्णाला सुट्टी असून तो आला होता, असं कोण चुकवतंय! मामी निघून चालल्या होत्या, मी हात धरून त्यांना पाटावर बसवलं. त्यांच्या मांडीवर दसुतीचं कापड होतं, सुई तशीच लावलेली.

"चालू करू काय?" मामांनी विचारलं. कुणाला विचारलं कुणास ठाऊक.

घर्रर्र करून मिक्सर घुमला आणि हवेत लाल अक्षरं उभी राहिली.

मला वाचता येईना! मीच भरलेला शब्द, पण अक्षरांची तोंडंच भलतीकडं. 'च' पाठमोरा, अनुस्वार आला होता पहिल्या अक्षरावर. मी बसूअण्णाकडं बघितलं.

"कन्नड हाय काय?" मी हळूच विचारलं.

"कन्नडबी न्हाय," तो म्हणाला.

मामा अक्षरांकडं बघत होते. दोन महिन्यांचा खटाटोप आणि आलं ते हे! एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. बटण बंद करायला त्यांनी हात पुढं केला.

"थांबा," मामी म्हणाल्या.

त्या उठल्या आणि ओट्याजवळ गेल्या. भरतकाम करणाऱ्या बाईला कापडाची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त पाठ असते. लाल उजेडात मला त्यांचे ओठ हलताना दिसले. एक अक्षर, दुसरं, तिसरं. मग पदर तोंडाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या.

पदर सोडून मामांकडं वळल्या. माझ्याकडं नाही, मामांकडं! आणि म्हणाल्या, "मागच्या बाजूनं आलंय."

मामा खाली वाकले, मोटर कुठल्या अंगानं फिरतेय ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आयला! चुकलं की!"

बसूअण्णानं माझा दंड धरला. मामा तसेच वाकलेले, कपाळावरचा हात कपाळावरच. मिक्सर घुमतोय.

मामी म्हणाल्या, "मिक्सरच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. बंद करा, आन् परत म्हणा."

मामांनी बटण बंद केलं.